कुल्फीच्या डब्यातलं एन्झाइम

नेपियर टाउनमधल्या कुरिअरच्या दुकानाबाहेर तो कुल्फीची गाडी लावतो. त्याचं नाव मला अजून माहीत नाही.

मे महिन्यात माझ्या संशोधनासाठी मागवलेलं एन्झाइम त्या दुकानात आलं. आपल्या यकृतात असतं तेच, पण जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. चार महिने वाट पाहिलेली, गारवा गेला की वाया जाणारी एवढीशी कुपी. खोका उघडला तर आतला बर्फ संपत आलेला आणि लॅब दूर आधारतालला. दुकानाच्या पायरीवर बसून मी आईला फोनवर सांगताना रडायलाच लागले.

"ताई, काहून रडून राहिल्या?" या हिंदी बोलणाऱ्या शहरात त्याने चक्क मराठीतच विचारलं.

मी सांगितलं.

"माणसाच्या कामाचं आहे ना? मग द्या इकडे."

त्याने एका डब्यातल्या सगळ्या कुल्फ्या बाहेर काढल्या. बर्फ फोडून मूठभर खडेमीठ घातलं, हाताची मागची बाजू लावून गारवा पाहिला, पुन्हा मीठ घातलं. मधोमध कुपी ठेवून डब्याला गोणपाट बांधलं आणि लॅबला न्यायला डबाच माझ्या हातात दिला. बाहेरच्या कुल्फ्या पाघळत होत्या, पण त्याने तिकडे पाहिलंही नाही.

दोन दिवसांनी एन्झाइमने चोख काम केलं. मी डबा परत द्यायला गेले.

"वितळलं तर नाही ना?"

"नाही, दादा."

तो समोरच्या गिऱ्हाइकाला माझ्याहून मोठ्या आनंदाने सांगू लागला, "दीदी का काम बन गया!"