बुंधा नसलेली साखळी

अकरावीला सायन्स घेतलं तेव्हा दिंडोरीकडच्या आमच्या गावातून एसटीने नाशिकच्या कॉलेजात येणारी मी एकटीच मुलगी होते. मला फार्मसीला जायचं होतं, आणि तसं मी गावभर सांगूनही ठेवलं होतं. त्यामुळे हायड्रोकार्बनच्या चाचणीत जवळजवळ सगळी नावं चुकली तेव्हा तोंड लपवायला जागा उरली नाही. केमिस्ट्रीच्या मॅडम पेपर हातात देत म्हणाल्या, "महिनाअखेरीला तोंडी घेते. तेव्हाही जमलं नाही तर आर्ट्सला जा. त्यात कमीपणा काही नाही."

कमीपणा नसेलही, पण मला जायचंच नव्हतं. एकेरी बंधांचं अल्केन, दुहेरीचं अल्कीन, तिहेरीचं अल्काइन, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं. चुकत होतं ते साखळीतले कार्बन मोजताना, आणि का ते काही केल्या कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नेमकं मलाच फळ्यापाशी बोलावलं. चार कार्बनची साखळी, दुहेरी बंध उजव्या टोकाला. मी डावीकडून मोजलं, बंध तिसऱ्या कार्बनवर आला, आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, ब्युट-३-ईन.

"दर वेळी डावीकडूनच का मोजतेस गं?"

"बुंधा तिकडं हाय ना, मॅडम."

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. "कसला बुंधा?" त्यांनी विचारलं.

मग मी चिडूनच सांगितलं. द्राक्षाच्या छाटणीला आई बुंधा डावीकडे येईल अशी काडी धरते आणि बुंध्याकडून डोळे, म्हणजे फूट निघायच्या जागा, मोजत जाते. शेंड्याकडून मोजलं तर कात्री भलत्याच डोळ्यावर चालते आणि घडच येत नाहीत. "ल्हानपणापासून तसंच मोजत आलेय. उलटं मोजलं तर लय नुकसान होतं."

मॅडमनी साखळी पुसली आणि तीच उलटी काढली. "आता पदार्थ बदलला का?"

नव्हता बदलला.

"हिला बुंधाच नाही, बाळा. कुठूनही सुरुवात कर. फक्त दुहेरी बंध ज्या टोकाला जवळ, ते टोक धरायचं. अभिक्रिया तिथंच होते, म्हणून मान त्याचा."

मी लिहिलं, ब्युट-१-ईन. इतकं मोकळं वाटलं की जागेवर जाताना मी हसणाऱ्यांकडे चांगलं रोखून बघितलं.

तोंडीच्या दिवशी मात्र मॅडमनी नाव विचारलंच नाही. पाण्यासारख्या द्रवाची एक परीक्षानळी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "कुठल्या घराण्यातलं आहे, ओळख."

मी ब्रोमीन वॉटरचे थेंब टाकून नळी हलवली. तांबूस रंग बघता बघता नाहीसा झाला. म्हणजे ब्रोमीन बंधात जाऊन बसलं होतं. अल्केनमध्ये रंग तसाच राहिला असता.

"म्हणजे अल्कीन, हो ना?" मॅडम म्हणाल्या.

हो म्हणून सुटावं असं फार वाटलं. इथे चुकले तर आर्ट्स, आणि मॅडमना नाही म्हणायची हिंमत कुणाला? पण तिहेरी बंधही ब्रोमीन घेतो आणि रंग घालवतो.

"अल्कीन असंल, नायतर अल्काइन," मी म्हणाले. "अल्केन नाय, एवढं नक्की. नुसत्या रंगावरून याच्या पुढं नाय सांगता येणार, मॅडम."

मॅडम नळी उचलून स्टँडमध्ये ठेवत म्हणाल्या, "उद्यापासून पहिल्या बाकावर बसत जा."