चंद्रीची हजेरी

मथुबाई हजेरी घेताना शेवटी चंद्रीचं नाव घ्यायच्या. मग उजव्या कानामागे तळवा धरून खिडकीजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहत थांबायच्या आणि बोटाने हवेतच हजेरीची खूण करायच्या. पटावर ते नाव नव्हतं. त्याच वर्गातली चंद्री आदल्या वर्षीच प्लेगात गेली होती.

कोष्टीपुऱ्यातल्या म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेत बाई चौथीला शिकवत. माझी गणितं सगळ्यांच्या आधी होतात हे पाहून त्यांनी मला त्या जागेशेजारी बसवलं. आई घाबरली, मी तिच्याहून जास्त. वर्ग पाढे म्हणत असताना मी माझं उदाहरण रिकाम्या जागेला समजावून सांगायचं. दुसऱ्याला समजावता आलं तरच ते आपलं झालं, असं बाईंचं म्हणणं. मी घाईत उरकलं की म्हणत, “तिले नाही समजलं वं, अनसे. पुन्हा सांग.” हे त्यांना कसं कळतं, हे विचारायची माझी छाती नव्हती.

बाबांनी बजावलं होतं की स्कॉलरशिप मिळाली तर पुढे शिक, नाहीतर मागाशेजारी सुताच्या कांड्या भरायला बस. परीक्षेला आठवडा उरला तेव्हा अपूर्णांकांचा भागाकार आला. पावाने भागायचं म्हणजे चारने गुणायचं, हे मी घोकलेलंच जागेला सांगितलं. त्या बाजूचा माझा हात एकदम गार पडला.

“चारनेच काहून?” बाईंनी कारण विचारलं. मी तोच नियम पुन्हा म्हटला. तशा त्या माझ्याजवळ जमिनीवर बसल्या.

“हेच तिनं इचारलं होतं. मलेच येत नव्हतं. मी म्हटलं, पाठ कर अन् चूप बस. चार दिवसांनी पोर गेली.”

संध्याकाळी घरी कांड्या भरताना मला ते उलगडलं. दुसऱ्या दिवशी मी तीन हात सूत नेलं आणि त्या जागेवर पाव पाव हाताचे तुकडे करून मांडले. एका हातात चार, म्हणून तीन हातांत बारा. बाई कानामागे तळवा धरून ऐकत होत्या. बऱ्याच वेळाने हात खाली आला.

“समजलं तिले,” त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. त्यानंतर चंद्रीचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

मला स्कॉलरशिप मिळाली. मी मास्तरीण होऊन त्याच वर्गावर आले, तोवर बाई वारल्या होत्या. त्यांना भेटायचं राहून गेलं, ते अजून सलतं. ती जागा तेवढी मी रिकामी ठेवली.

पहिल्याच वर्षी कौशी नावाची एक फार हुशार मुलगी मला मिळाली. मथुबाईंबद्दल तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिला मी त्या जागेला उदाहरण समजावायला बसवलं. तिनं छान सांगितलं, आणि संपल्यावर तेच पहिल्यापासून सुरू केलं. एकदा झालं ना, मग पुन्हा कशाला, असं मी विचारलं.

“त्या बाई पुन्हा सांग म्हणून राहिल्या,” कौशी म्हणाली, आणि कशा ते दाखवायला तिनं उजव्या कानामागे तळवा धरला.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले.

“मग सांग वं,” मी म्हटलं. “त्यायले समजेपर्यंत सांग.”