बाहीवरचा खडू

सरांच्या शर्टाच्या उजव्या बाहीवर कायम खडूची भुकटी असायची. रविवारी असायची, दिवाळीत असायची, लग्नाच्या पंगतीत जेवायला बसले तरी असायची. त्यांची भावजय एकदा अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली होती, की शर्ट धुऊन मी देते आणि बाहीला खडू कुठून येतो देव जाणे. सर नुसते हसले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारे सगळे आमच्या गावात गुरुजी. सर म्हणजे एकच, नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे.

त्यांचा मान काही विचारू नका. गावात कुणाच्याही घरचं लग्न असो, पत्रिकेत खाली ‘प्रा.’ लावून त्यांचं नाव आणि नावापुढे सगळ्या पदव्या छापलेल्या असायच्या. नातं असो नसो. स्वतः सरांचं लग्न मात्र झालं नाही. स्थळं यायची आणि सर काहीतरी कारण काढून परतवायचे. पुस्तकांशीच लग्न लागलंय त्यांचं, असं लोक कौतुकानं म्हणायचे. मुलीकडचे लोक कॉलेजात चौकशीला जातील ही भीती त्यामागे असेल, हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

माझी बारावी झाली तेव्हा बाबांनी एक स्थळ बघून ठेवलं होतं. आमची अर्धापूरकडची केळीची बाग, घर खाऊनपिऊन सुखी, पोरीला कशाला शिकवायचं, असा सरळ हिशोब. सर संध्याकाळी बागेत आले. बाबा घड उतरवत होते. त्यांनी हातातला विळा खाली न ठेवताच विचारलं, की सर, कॉलेज शिकून नोकरी लागती का, खरं सांगा.

"माझ्याकडं बघा की," सर म्हणाले.

बाबांनी बघितलं. पांढरी बाही, खिशाला पेन, पायात बूट. मग विळा घडावर ठेवला आणि म्हणाले, "सर, जास्ती काई नको. पोरगी तुमच्यासारखी झाली की बास."

सर केळीच्या पानावरून उगाच हात फिरवत राहिले. त्याच संध्याकाळी ते माझ्या मैत्रिणीच्या, मंगलच्या घरीही गेले होते. तिच्या वडलांनी चहा पाजला आणि विषय बदलला. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न होऊन ती हिमायतनगरकडे गेली.

मी सरांच्याच कॉलेजात गेले. वर्गात सर वेगळेच असायचे. फळ्याकडे पाठ करून बोलायला लागले की तास संपल्याचं शिपायाला दारात येऊन सांगावं लागायचं. मागच्या बाकावरून एखादा विचारायचा, सर, याचा नोकरीला काय उपयोग. सर चिडायचे नाहीत. "शिकून काय मिळतं, हे विचारायलाबी शिकावं लागतंय," म्हणायचे. आम्ही हसायचो. ते स्वतःलाच विचारत होते की काय, असं आता वाटतं.

परीक्षा संपल्या की सर लातूरला जायचे. पेपर तपासायला. लातूर म्हणजे अभ्यासाचं गाव, तिथं पेपरांची काय कमी, असं म्हणून गाव खूश. पार पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे, काळवंडून, गालफडं बसलेली. पेपर तपासून माणूस इतका वाळतो, म्हणून आई हळहळायची.

पहिलं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यात बाबांबरोबर मी लातूरला गेले. आत्याची मुलगी डॉक्टरकीच्या परीक्षेच्या तयारीसाठी तिथल्या एका होस्टेलवर होती, तिला लोणचं आणि केळी द्यायची होती. बाबा ऑटोवाल्याशी घासाघीस करत थांबले आणि मी पिशवी घेऊन पुढे झाले. गेटपाशी लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत वॉचमन बसला होता. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात काठी. मला बघून तो उठला. ते सर होते.

"बाबा आलेत?"

मी मान हलवली.

"त्यांना कळू देऊ नको. माझं काई न्हाई गं. पण तुझं शिक्षण अजून व्हायचं हाय."

एवढं बोलून काठी भिंतीला टेकवून ते पाण्याच्या टाकीमागे गेले. मी आल्या पावली धावत जाऊन बाबांना म्हटलं, की ऊन लागलंय, आधी रस पिऊ. रसवंतीत बसल्यावर बाबा गार रस पीत म्हणाले, "सरबी इथंच पेपर तपासून राहिले असतील. भेटून घ्यावं का?" मी म्हटलं, एवढ्या मोठ्या गावात कुठं शोधायचं. 

मग हळूहळू सगळं समजलं. सर पर्मनंट नव्हतेच कधी. तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढाच पगार. सुट्टी लागली की नेमणूक संपली, कॉलेज उघडलं की पुन्हा मुलाखत द्यायची, पुन्हा नव्यानं लागायचं. केस पांढरे झाले तरी तेच. त्या जूनमध्ये नांदेडहून येताना सर बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर होते. मला त्यांनी पाहिलं नव्हतं. आमचा फाटा जवळ आला तसा त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि बायका आरशाशिवाय कुंकू लावतात तसा, न बघता, उजव्या बाहीवर फिरवला. उतरताना मी दिसले. "ॲडमिशन घेतलं का?" एवढंच विचारलं.

मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, सेट पास झाले. आणि एका मे महिन्यात सर गेले. गेटवरच चक्कर येऊन पडले. होस्टेलवाल्यांनी गावाकडे त्यांच्या भावाला फोन लावला, की तुमचे वॉचमन वारलेत. भाऊ म्हणाला, राँग नंबर, आमच्या घरात कुणी वॉचमन नाही, आमचा भाऊ प्राध्यापक हाय. आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा फोन येऊन नाव सांगेपर्यंत, दुपारभर सर तिथं बेवारस पडून होते. हे मला भावानंच नंतर सांगितलं, कपाळ बडवून घेत. गावाला मात्र त्यानं काही कळू दिलं नाही. चौकात फ्लेक्स लागला, ‘प्रा.’ आणि खाली सगळ्या पदव्या. बाबा म्हणाले, पेपर तपासता तपासता गेला माणूस. मी ‘हाव, बाबा’ म्हटलं.

सरांचा मला राग येतो. खोटं बोलून आम्हाला या वाटेला लावलं त्यांनी, असं कधी कधी संतापून वाटतं. आणि मग मंगल आठवते, आणि कॉलेजच्या लायब्ररीतली माझी खिडकीजवळची जागा आठवते, आणि राग कुणावर काढावा तेच कळत नाही. नांदेडच्या कॉलेजात आता मी शिकवते. तासिका तत्त्वावर. उन्हाळ्यात लातूरला त्याच गल्लीतल्या एका होस्टेलवर पोरींची रेक्टर असते. दुपारी गल्ली सामसूम झाली की लिंबाखालून शिट्टी ऐकू येते. मी खिडकीशी जाते. खाली कुणीही नसतं.

बाबांची इच्छा पूर्ण झाली. पोरगी अगदी सरांसारखी झाली.

परवा मी लातूरहून गावी आले तर मंगल माझी वाट बघत आमच्या ओसरीवर बसलेली. तिच्या मुलीची बारावी झाली होती. घरचे लग्नाचं बघतायत, म्हणाली, पण मंगलच नको म्हणून अडून बसली होती. पोरीला कॉलेजला घालावं का, एवढंच तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. "तुझ्यासारखी झाली ना, तरी लई झालं गं," ती म्हणाली.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. बाबा आत खाटेवर पडून ऐकत होते. आणि त्या दिवशी बागेत बाबांनी सरांकडे बघितलं होतं, तशीच मंगल माझ्याकडे बघत होती.

"घाल तिला कॉलेजला," मी म्हणाले.

मंगलचे डोळे भरले. डोळे पुसता पुसता तिचं लक्ष माझ्या पदराकडे गेलं. सुट्टीतबी शिकवायला असतं का गं, खडू लागलाय बघ, असं म्हणून तो झटकायला तिनं हात पुढे केला.

मी पदर आवरून घेतला.