गार लागलेलं चाक

डावा हब बावन्न डिग्री, उजवा तेहेतीस. जैनथ गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला मी टेम्परेचर गन धरून उभी होते आणि मला उजवं चाक अजिबात आवडलं नव्हतं.

आमच्या जीपमागे ट्रेलरवर रेस्क्यू बोट होती. पैनगंगेला पूर आलेला. काठच्या वांग्याच्या मळ्यात एक कुटुंब पंपघराच्या छतावर अडकलं होतं, त्यात दोन लहान पोरं. जवळपास दुसरी बोट नव्हती. आमची वाटेत राहिली तर काय होईल, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही.

मी आपत्ती निवारण खात्याच्या वाहनांची इंजिनीअर. हब म्हणजे चाकाचा मधला गाभा. त्यात ग्रीस भरलेलं असतं आणि बेअरिंग फिरतात. बेअरिंग बिघडलं की हब तापतो, फारच तापला तर चाक निखळतं. मागे ट्रेलरला काय होतंय ते पुढे ड्रायव्हरला कळत नाही, म्हणून थोडं अंतर गेल्यावर मी गाडी थांबवतेच. हब कोमट असणं चांगलं, दोन्ही सारखे असणं त्याहून चांगलं.

"ठंडा है तो अच्छा है ना मॅडम," सोबतचे महसूलचे साहेब म्हणाले. माणूस कामाचा, पण घाई अंगात भरलेली. "उधर छत पर बच्चे हैं और आप चक्का देख रे?"

"बच्चों के लिए ही देख रही हूँ, साहब."

एकाच रस्त्याने आलेलं चाक असं गार राहील कसं? पाऊस तर सकाळीच उघडला होता. वाकून पाहिलं, रिम ओली. मी ड्रायव्हरकडे वळले.

"गंगाधरभाऊ, पाणी कोणी टाकलं?"

"मीच टाकलं मॅडम. तुमी गनचा डब्बा उघडून राह्यल्या व्हत्या. हात लावला तं चाक तापलेलं, म्हून दोन बाटल्या वतल्या. आमी कापसाच्या ट्रकवर असंच करत व्हतो."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"गार झालं ना! सांगाचं काय त्यात?"

आमच्याकडचे निम्मे ड्रायव्हर कापसाच्या ट्रकवर तयार झालेले. काहीही तापलं की पाणी, हा त्यांचा रामबाण उपाय. पण तापलेल्या हबवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि रबरी सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीसची कढी होते.

मी गन तशीच धरून ठेवली. तेहेतीसचे पंचेचाळीस झाले, मग साठ. चाक जागेवर उभं होतं, आतली उष्णता बाहेर येत होती. ऐंशी पार झाल्यावर साहेब वाकून गनवरचा आकडा पाहू लागले.

"नदी तक चलेगा?"

"नहीं चलेगा. भाऊ, जॅक लावा."

मी चिडले होते, खोटं कशाला सांगू? पण रागाने नट निघत नाही. ग्रीस भरलेला तयार हब मी नेहमी सोबत ठेवते. जुना उघडला तर ग्रीस पांढरं, बेअरिंग तापून निळं पडलेलं. हे आजच्या दोन बाटल्यांचं काम नव्हतं. मागच्या सरावात तापल्या चाकांनी ट्रेलर नदीत घातला होता, तेव्हाच पाणी शिरलं असणार.

गंगाधरभाऊंचे हात भराभर चालत होते. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. छतावरचा बाप होता. "दरवाजा बुडला साहेब. कवा येता?"

तरी नट मी सावकाशच लावला. तो आधी आवळायचा, मग किंचित सैल सोडायचा. घट्ट आवळलं की आपल्याला बरं वाटतं, बेअरिंगला नाही.

नदीवर पोचलो तेव्हा साहेब शहाणे झाले होते. "अब चक्का ठंडा होने तक रुकना पडेगा?"

नियम तोच. पण हब मी उद्याही बदलू शकत होते. "नहीं रुकना. डालो पानी में."

सगळे सुखरूप आले. दोन्ही पोरं, आई, आणि शेवटी बाप. काठावर पाय टेकताच तो माझ्यावर उखडला. "लय उशीर केला तुमी!"

वाईट वाटलं. छतावरून पाहिलं तर त्याचं खरंच होतं. गंगाधरभाऊ काहीतरी सांगायला पुढे झाले, मी त्यांना हातानेच थांबवलं.

उशिराबद्दल बोलणी खायची, तर आधी बोट पोचावी लागते.