कुंडाला मी 'ओके' दिलं तेव्हा

चाकणच्या कंपनीत माझं काम एकच: आलेला माल तपासायचा आणि 'ओके' म्हणायचं. ही सवय घरीही सुटत नाही. वरणाची चव घेऊन मी 'ओके' म्हणतो, तेव्हा बायको ताट ओढून घेते.

वडील, म्हणजे आमचे आबा, पिंपरीतल्या एका कारखान्यात भट्टीवर होते. निवृत्तीनंतर गुडघे धरले आणि त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. कोकणातल्या एका आडगावच्या गरम पाण्याच्या कुंडाचं मी महिनाभर त्यांच्यामागे टुमणं लावलं. शेवटी म्हणाले, "एकडाव येतो. न्हाई बरं वाटलं तर परत कुटं न्यायचं नाव काढू नको." म्हणजे संधी एकच होती, आणि ती माझ्यासारख्याच्या हातात.

घाट उतरून, मग गाडी लावून, भातखाचरांच्या बांधावरून मी आणि बायको आबांना धरत धरत पोचलो. चिऱ्यांनी बांधलेलं छोटं कुंड, वर वाफ, शेजारी कडुलिंबाखाली एक आजीबाई. मी खिशातून टेम्परेचर गन काढली. कंपनीत असते तसलीच, खास या दौऱ्यासाठी ऑनलाइन मागवलेली. दहा फुटांवरून नेम धरला. आकडा आला एकोणचाळीस.

"ओके!" मी जाहीर केलं. "आबा, तुम्ही थांबा, आधी मी उतरतो."

आजीबाई "अवो दादा, अवो..." करत उठेपर्यंत मी गुडघ्याएवढ्या पाण्यात होतो. पुढच्याच क्षणी बाहेरही होतो. मधलं मला आठवत नाही. बायको सांगते की मी पायरीला पाय न लावता वर आलो.

"त्यात आम्ही तांदळाची पुरचुंडी सोडतो," आजीबाई म्हणाल्या. "भात शिजतो त्यात! तुम्ही काय शिजायला आलाव?"

माझ्या पोटऱ्या लालबुंद. त्यांना खोबरेल लावता लावता आजीबाईंना हसू आवरेना. मला मात्र धास्ती आबांची. आता हे म्हणणार, चल घरी. संपलं सगळं.

आबा हसत होते. असे हसत होते की काठी टेकून वाकले. "आरं, तुज्या त्या यंत्रानं वाफ मोजली, पानी न्हाई! तीस वर्सं भट्टीपुढं काढली मी. मला इचारायचं तरी!"

मग ते स्वतःच कुंडाच्या कडेने निघाले. कुंडातून पाणी दगडी पाटाने खाली शेताकडे जात होतं. आबा दर चार पावलांवर वाकायचे, हाताची पालथी बाजू पाण्याजवळ न्यायचे, मान हलवायचे, पुढे सरकायचे. महिनोन्महिने हॉलपासून गॅलरीपर्यंत जायला कुरकुरणारा माणूस, राव! आंब्याच्या मुळाशी थांबले, बोट बुडवलं, मग पंजा.

"हितं," म्हणाले, आणि धोतर वर घेऊन दोन्ही पाय पाटात सोडून बसले.

अर्ध्या तासाने बायकोने विचारलं, "आबा, निघायचं ना?"

"तुमी व्हा फुडं. मी हाय हितंच."

मी पोटऱ्यांवर फुंकर घालत होतो. आबांनी मान वळवून आजीबाईंना विचारलं, "गर्दी कवा नसती हो?"

"बुधवारी."

"मग बुधवारी येतो," आबांनी ठरवून टाकलं. माझी शिफ्ट कुठली, हे विचारलंसुद्धा नाही.