उजव्या कडेचा हात

कानसेनबाईंनी नऊ वर्षं एक राग पोटात जपला होता, आणि तो जराही शिळा झाला नव्हता.

‘कानसेनबाई’ हे नाव त्यांना अंधांच्या वाचनालयात मिळालं. दृष्टी गेल्यावर त्या डिजिटल पुस्तकं कानांनी तपासायला शिकल्या. स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर वाचायचा, तोही असा भरधाव की शेजारच्याला वाटावं, पत्र्यावर खडे सांडताहेत. पण स्कॅन करताना कुठं ‘भ’चा ‘म’ झाला असला, की बाईंचं बोट तिथंच थांबायचं.

त्याआधी अकरा वर्षं त्यांनी एका शब्दकोशाची प्रुफं तपासली होती. नजर अधू झाली तशी संपादक चारचौघांत म्हणाला, “बाई, आता तुम्हाला प्रुफं देणं म्हणजे आंधळ्यापुढे आरसा.” शिपाईसुद्धा हसला. कोश निघाला, बाईंचं नाव त्यात कुठंच नव्हतं.

आणि आता त्याच संपादकाचं छापील आत्मचरित्र स्कॅन होऊन तपासायला बाईंकडे आलं.

“वन्सं, ठेवा शंभर चुका तशाच,” भावजय म्हणाली. “बसू दे बोंबलत.”

“चुका राहिल्या तर नाक माझं कापलं जाईल. त्याचं पुस्तक मी लख्ख करणार.”

चारशे बारा चुका त्यांनी काढल्या. मग एकशेसाठाव्या पानावर यंत्रानं वाचलं, ‘कोशाचं प्रत्येक प्रूफ मी एकट्यानं तपासलं.’ खाली फोटो होता. अंध वाचकांसाठी प्रत्येक फोटोचं वर्णन लिहावं लागे. भावजय बघून सांगे, बाई लिहीत.

“साहेब खुर्चीत. समोर कागदांचा ढीग. उजव्या कडेला... अगंबाई! नुसता हात आहे. ढिगावर ठेवलेला. करंगळी अर्धी.”

बाईंनी आपल्या डाव्या हाताची अर्धी करंगळी चाचपली. उरलेली छापखान्यातल्या कागद कापायच्या यंत्रानं नेली होती.

“तुमचं नाव लिहा, वन्सं!”

“नाव दिसतं का फोटोत? नाही ना? दिसतं तेवढंच लिहायचं.”

त्यांनी लिहिलं: ‘उजव्या कडेला प्रुफांवर एका बाईचा हात, करंगळी अर्धी. बाकीची बाई फोटोतून कापलेली आहे.’

मजकूर मंजुरीसाठी लेखकाकडे गेला. तिसऱ्या दिवशी फोन आला.

“बाई, ते हाताचं वाक्य काढा.”

“फोटोत हात नाही, असं लिहून द्या साहेब. लगेच काढते.”

“मी दुसरा फोटो पाठवतो.”

“छापील पुस्तकात हाच आहे. मुळातलं गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. तुम्हीच शिकवलंत.”

पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला. बाईंनी तोही नीट ऐकून घेतला.

“झालं समाधान?” भावजयीनं विचारलं.

“एवढ्यात कसलं? अजून सात फोटो आहेत. चष्मा पूस आणि कडा आधी बघ.”