चंपालालशेठांचा चौविहार

समजा, तुमच्यासमोर स्टुलावर साठी उलटलेला माणूस बसला आहे आणि त्याचा आजार तुम्हाला ओळखायचा आहे. हातात यंत्र नाही, फक्त प्रश्न विचारायचे. लघवी सुरू व्हायला थांबावं लागतं का? धार बारीक झाली आहे का? मध्येच तुटते का? जाऊन आल्यावरही राहून गेल्यासारखं वाटतं का? रात्री किती वेळा उठता? पाच मिनिटांचं काम. दोंडाईच्याच्या चंपालालशेठांना हे प्रश्न दोन वर्षांत कुणीही विचारले नाहीत. त्यांना एकच विचारलं गेलं : पाणी कुठे प्यालात?

शेठ मिरचीचे व्यापारी. १९६७च्या चातुर्मासात जैन स्थानकात साधूंपुढे, सगळ्या समाजासमोर हात जोडून त्यांनी आजन्म चौविहार घेतला. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. पण त्याच हिवाळ्यापासून ते रात्री चार-पाच वेळा उठू लागले. धाकटा भाऊ उत्तमचंद जवळच झोपायचा. त्याने मोजायला सुरुवात केली.

"भाईजी, सहा वाजल्यापासून तोंड कोरडं आणि रात्रभर मोरी ओली. हे कसं?" एकदा जेवताना त्याने सगळ्यांच्या देखत विचारलं.

"थेंब घेतला असेल तर जीभ झडो," शेठ म्हणाले.

त्यांची बायको धनकुंवर वाढत होती, तिनेही ते ऐकलं. वैशाखातल्या एका संध्याकाळी तिने माठात काडी उभी धरून पाण्याची खूण केली. सकाळी पाणी दोन बोटं उतरलं होतं. उन्हाळ्यात माठ झिरपतो, म्हणून तर पाणी गार होतं. हे त्या घरातल्या पोरासोरांनाही माहीत होतं. पण त्या सकाळी ते कुणाच्या मनात आलं नाही. तिने काडी उत्तमचंदला दाखवली.

उत्तमचंद स्थानकात उभा राहिला. "भाईजींचा नियम मोडलाय. त्यांना प्रायश्चित्त द्यावं." सगळ्यांनी धनकुंवरकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तेवढ्यावर निकाल लागला.

शेठांनी प्रायश्चित्त नाकारलं. खरेपणा सिद्ध करायला त्यांनी दिवसाचं पाणीही तोडलं. दुपारी एक पेला, बस. तरी रात्रीचं उठणं कमी झालं नाही. दिवसा दुकानामागे भिंतीकडे तोंड करून ते बराच वेळ उभे राहत. हमाल भटू लांबून ओरडायचा, "शेठ, हीरले पानी लागनं का?" विहिरीला पाणी लागलं का, या प्रश्नावर सगळे हमाल हसायचे. शेठही त्यांच्याबरोबर हसायचे.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात एका सकाळी लघवी अजिबात झाली नाही. दुपारपर्यंत ओटीपोट दगडासारखं झालं. उत्तमचंद म्हणाला, "चोरून प्यालेलं बाहेर यायला लाजतंय." दुसऱ्या दिवशी शेठांचं विव्हळणं दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकू जायला लागलं, तेव्हा कुठे त्यांना धुळ्याच्या एसटीत बसवलं. प्रत्येक खड्ड्याला ते पुढच्या सीटचा दांडा दातांनी धरत.

धुळ्यात देवपूरच्या डॉक्टरांनी रबरी नळी घातली. दीड लिटर लघवी निघाली. मग त्यांनी पाच प्रश्न विचारले.

"प्रोस्टेट," डॉक्टर म्हणाले. "मूत्राशयाच्या तोंडाशी एक ग्रंथी असते. उतारवयात ती वाढते, वाट आवळते. पिशवी पुरती रिकामी होत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा उठावं लागतं. संध्याकाळी पाणी घेतलं काय, नाही घेतलं काय. वर्षापूर्वी आणलं असतं तर ऑपरेशन करून घरी पाठवलं असतं. आता लघवी तुंबून मूत्रपिंडं गेलीत."

त्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम माझ्याकडे होतं; शेठांचंही मीच तपासलं. युरिया चाळीसच्या आत हवा; एकशे ऐंशी होता.

शेठांनी डॉक्टरांचं पाण्याबद्दलचं तेवढं एकच वाक्य ऐकलं. नळीसकट उठून बसत ते म्हणाले, "उत्तम, ऐकलंस ना? आता स्थानकात जाऊन सांग."

उत्तमचंदने दार लोटलं. "भाईजी, मार्गशीर्षात तुमच्या पोरीचं, चंदाचं लग्न आहे. पोरीच्या बापाला रोग कुठला, असं भडगावच्या व्याह्यांनी विचारलं तर मी कोणती जागा दाखवू? लोक त्या जागेच्या रोगाचा एकच अर्थ काढतात, बाहेरख्यालीपणा."

"मग मी खोटाच राहू?"

"दोन घोट पाण्यावरून कुणी सोयरीक मोडत नाही. ह्याच्यावरून मोडतात."

शेठांनी बायकोकडे पाहिलं. धनकुंवरने पदर पुढे ओढला. "देवरजी बरोबर बोलतात. पोरीचं बघायला पाहिजे."

नळी लावूनही युरिया उतरला नाही. चौथ्या दिवशी दोनशे दहा. डॉक्टरांनी दीर-भावजयींना व्हरांड्यात नेऊन सांगितलं : फार तर पंधरा दिवस. धनकुंवर डोळे पुसून आत आली, खाटेशी बसली आणि त्यांचे पाय चेपू लागली.

शेठांनी तिचा हात थांबवला.

"चंदाची आई, लग्न झाल्यावर तरी स्थानकात सांगशील ना?"